बाटलीतलं डिझेल

तुर्भ्याला भाजीपाला मार्केटच्या मागच्या गल्लीत एक पिकअप टोचन लावून आणून सोडली आहे. सकाळचे साडेसात वाजलेत. हौदा रिकामा, कोपऱ्यात चार-दोन चेंगरलेले टोमॅटो. माल पहाटेच दुसऱ्या गाडीत चढवून मार्केटात पाठवला. पोहोचला तेव्हा मोठे खरेदीदार निघून गेले होते. पट्टीवर काय भाव आला ते ड्रायव्हर सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही.

ड्रायव्हर हाच मालक. नारायणगावचा, तिशीच्या आत-बाहेरचा. माळशेज उतरला, मुरबाड-कल्याण मागं टाकलं, तोवर गाडी ठीक होती. शिळफाट्याच्या अलीकडं ओढ गेली, दिवा पेटला, इंजिन बंद.

"आधी वाटलं, एअर घेतली. हातपंप मारला, फिल्टरचं पाणी सोडलं. सेल्फ फिरतोय, पण गाडी उचलतच नाही."

मिस्त्री साठीचे, मूळचे जावळीचे. पंप-नोझलच्या कामात हयात गेलेली. ते बॉनेट उघडतात, वाकून बघतात आणि पाना न उचलताच सरळ होतात.

"वॉरंटी हाय का?"

"आहे की. अजून वर्ष आहे."

"मग पंपाला मी हात लावणार न्हाय. माझा पाना लागला की कंपनी म्हणणार, बाहेर खोललाय."

एवढं मात्र ते करतात: फिल्टरच्या तळाचा स्क्रू ढिला करून पाण्याच्या रिकाम्या बाटलीत थोडं डिझेल घेतात. ती उन्हात धरतात. वर डिझेल स्वच्छ दिसतं, तळाशी काहीतरी चमचमतं. मिस्त्री फुटक्या स्पीकरचं लोहचुंबक आणून बाटलीला बाहेरून टेकवतात आणि हळूच वर सरकवतात. चमचम त्याच्या मागोमाग काचेसारख्या प्लॅस्टिकवरून वर चढते. आजूबाजूला जमलेले आम्ही सगळे गप्प.

"पंप गेला," मिस्त्री म्हणतात. "नुसता गेला असता तरी बरं. चुरा पुढं रेलमध्ये, रेलमधनं चारी इंजेक्टरमध्ये, आणि रिटर्नच्या नळीनं परत टाकीत. आता टाकीपासून सगळं धुवायचं, न्हायतर नवा पंप घातला तरी तो पण खाणार."

हे समजायला पंपाच्या पोटात डोकवावं लागतं. कॉमन रेल इंजिनात हा पंप डिझेलवर दीड-दोन हजार बारचा दाब आणतो. आतल्या भागांमधली फट काही मायक्रॉनची, आणि त्यांना वंगण कोणाचं, तर त्याच डिझेलचं. वेगळं ऑइल नाही. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ इंधन आलं, तेव्हा डिझेलमधल्या गंधकाची मर्यादा दशलक्षात ५० भागांवरून १० वर उतरली. हवेसाठी ते चांगलंच झालं. पण गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा अंगचा ओशटपणाही जातो, म्हणून रिफायनरीत ते देणारं रसायन वरून घालावं लागतं. अशा डिझेलात पाणी शिरलं किंवा कोणी रॉकेल, स्वस्तातलं ऑइल मिसळलं, की पंप कोरडा घासायला लागतो. पावसाळ्यात भूमिगत टाक्यांत पाणी उतरण्याची भीती असते, ती वेगळीच.

ड्रायव्हर कंपनीच्या ऐरोलीच्या वर्कशॉपला फोन लावतो. स्पीकर चालू. पलीकडचा मुलगा नम्र आहे, पण त्याला सगळं पाठ आहे. शेवटची सर्व्हिस कुठं केली? फिल्टर ओरिजिनल होता का? डिझेल कुठं भरलं, बिल आहे का? "सर, इंधनातली भेसळ निघाली तर वॉरंटी लागत नाही. गाडी आणा, बघून सांगतो."

"फिल्टर गावातच बदललाय," फोन ठेवून तो म्हणतो. "शेतमालाच्या सीझनात गाडी दोन दिवस तिकडं कोण लावणार?"

खरी मेख त्या बाटलीत आहे. पंपच कच्चा निघाला तरी चुरा निघतो आणि खराब डिझेलनं पंप खाल्ला तरी तसाच चुरा निघतो. नुसतं बघून सांगता येत नाही. पाणी किती, भेसळ आहे का, हे प्रयोगशाळेत कळेल. पण टाकीत दोन-तीन पेट्रोल पंपांचं डिझेल एकत्र झालेलं, आणि दुरुस्ती सुरू झाली की पहिली रिकामी होणार ती टाकीच. पेट्रोल पंपावर डिझेलची घनता तपासून मागायचा हक्क ग्राहकाला आहे. रात्री दोनला, मागं ट्रक हॉर्न मारत असताना, तो मागणारा माणूस मला दाखवा.

मला २०२१ आठवतं. त्या जुलैमध्ये महिंद्रानं जाहीर केलं, की नाशिकच्या कारखान्यात एका दिवशी आलेलं इंधन दूषित होतं, त्यामुळं इंजिनाचे भाग लवकर झिजल्याचा संशय आहे. सहाशेहून कमी गाड्या तपासून गरज असेल तिथं इंजिन फुकट बदलून देणार. योग्यच केलं. कारखान्याकडं तारीख होती, गाड्यांची यादी होती. नारायणगावच्या माणसाकडं काय आहे?

"ग्राहक मंचात जा," चहा पिणारा एका गाळ्यावरचा हिशेबनीस सुचवतो, आणि लगेच स्वतःच खोडतो, "पण धंद्याची गाडी ना. धंदेवाला ग्राहक धरत नाहीत."

तसं सरसकट नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा व्यापारी कामासाठीची खरेदी वगळतो, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला ग्राहकच मानतो. मी तसं सांगतो.

"गाड्या किती आहेत तुझ्या? चालवतोस कोण?" हिशेबनीस विचारतो.

"एकच. चालवतो मी, हप्ता पण मीच भरतो."

मिस्त्री आता दुसरी बाटली भरतात. दोन्हींच्या बुचांवर चिकटपट्टी गुंडाळून वर मार्करनं गाडीचा नंबर, तारीख, वेळ लिहितात. ड्रायव्हर मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढतो. या बाटल्या उद्या कोणी पुरावा म्हणून मानेल याची खात्री मिस्त्रींनाही नाही; ते म्हणतात, "असू दे, एक त्यांच्याकडं, एक तुझ्याकडं."

डिझेलचं बिल कुठलंच नाही. मग त्याला यूपीआय सुचतं. तो अंगठ्यानं खाली खाली सरकवत जातो. मुरबाड, दोन हजार. त्याआधी ओतूर, दीड हजार. पंपाचं नाव, तारीख, वेळ, सगळं आहे. डिझेल कसं होतं, तेवढं सोडून.

क्रेनवाला येतो. वर्कशॉपपर्यंत साडेतीन हजार म्हणतो.

"पंधराशे," ड्रायव्हर म्हणतो.

"अहो दादा, टोल माझ्या अंगावर."

"ऐरोलीला कसला टोल?"

बावीसशेवर जमतं.