एक इंजिन बंद पडलं तर?

वाशीम जिल्ह्यातून पायलट व्हायचं स्वप्न बघणाऱ्यांसाठी धावपट्टी आता शेजारच्या जिल्ह्यात आलीय. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून 16 एप्रिल 2025 ला मुंबईची विमानसेवा सुरू झाली. तिथेच एअर इंडिया पायलट प्रशिक्षण संस्था उभारतेय. तिच्यासाठी मागवलेल्या 34 विमानांपैकी 31 एका इंजिनाची आहेत, तर 3 दोन इंजिनांची, डायमंड डीए 42.

दोन इंजिनं म्हणजे डबल सेफ्टी, असं वाटतं ना? पण ती सेफ्टी आपोआप मिळत नाही.

समजा, पार्टटाइम कामाचे महिन्याला 10 हजार मिळतात, रूम आणि मेसला 4 हजार जातात. शिल्लक 6 हजार. कमाई निम्मी झाली, तर शिल्लक उरते फक्त 1 हजार! विमानाचंही तसंच. ताकदीचा मोठा वाटा नुसतं हवेत टिकायला लागतो, वर चढायचं ते उरलेल्या ताकदीवर. म्हणून एक इंजिन गेलं की वर चढण्याची क्षमता साधारण 80 टक्क्यांनी घटते.

शिवाय विमान वळायला लागतं. जोडीतला एक बैल अडला की गाडी त्याच्याच बाजूला वळते, तसं विमान बंद इंजिनाकडे खेचलं जातं. पायलट विरुद्ध बाजूचा रडर पेडल दाबून ते सरळ ठेवतो आणि चालू इंजिनाकडे साधारण 5 अंश कलवतो. वेगमापकावरची निळी रेघ म्हणजे एका इंजिनावर सगळ्यात चांगलं चढण्याचा वेग. लाल रेघेच्या खाली गेलात, तर रडर पुरत नाही आणि विमान उलटू शकतं. अशा वेळी नाक खाली करायचं आणि चालू इंजिनाची ताकदही कमी करायची. उंची गेली तरी चालेल, ताबा जाता कामा नये.

मग बंद इंजिन ओळखायचं. जो पाय मोकळा, त्या बाजूचं इंजिन बंद. तरी लगेच स्विच दाबायचा नाही. आधी त्या इंजिनाचा थ्रॉटल हळूच मागे घ्यायचा. काहीच फरक पडला नाही, तर ओळख बरोबर. त्यानंतरच ते इंजिन बंद करून पंख्याची पाती वाऱ्याला धारेवर फिरवायची, म्हणजे अडथळा कमी होतो.

ही खातरजमा किती महत्त्वाची? 4 फेब्रुवारी 2015 ला तैपेईत ट्रान्सएशियाच्या एटीआर 72 विमानाच्या उजव्या इंजिनाची ताकद उड्डाणानंतर लगेच गेली. कॅप्टनने घाईत चांगलं चालणारं डावं इंजिन बंद केलं. विमान नदीत कोसळलं, 58 पैकी 43 जण गेले. अमरावती-मुंबई सेवाही सुरू झाली ती एटीआर 72 विमानानेच.

म्हणून ट्रेनिंगमध्ये इन्स्ट्रक्टर सुरक्षित उंचीवर अचानक एक थ्रॉटल मागे ओढतो. पुन्हा पुन्हा. हात शिवशिवत असतानाही आधी विमान सरळ, मग ओळख, मग खात्री आणि शेवटी स्विच, हा क्रम अंगात मुरेपर्यंत.