बाराटांग बेटावरील भूगर्भगुहा

धान्याच्या व्यापाऱ्यास डोळ्यांपेक्षा हाताचा भरवसा अधिक. पोत्यात परखी घालावी, तळहातावर आलेला शरबती गहू अंगठ्याने चाळवावा, एखादा दाणा दाताखाली धरावा आणि मग भाव बोलावा, ही माझी चाळीस वर्षांची सवय. गतवर्षी डिसेंबरात अंदमान बेटांवर सहकुटुंब जाण्याचा योग आला, तेव्हा हीच सवय मला नडली. ती हकीकत वाचक-बंधुभगिनींपुढे ठेवीत आहे.

भोपाळकरांस गुहांचे अप्रूप नाही. १९५७ साली विष्णु श्रीधर वाकणकर यांनी जगापुढे आणलेले भीमबेटका येथील शैलाश्रय आमच्या शहरापासून सुमारे ४५ किलोमीटरांवर आहेत. पाहुणा आला की त्यास तेथे नेणे हा घरोघरचा शिरस्ता. परंतु ते वालुकाश्माचे उघडे आडोसे होत. जमिनीच्या पोटात शिरणारी, पाण्याने घडविलेली गुहा आमच्यापैकी कोणीच पाहिली नव्हती. म्हणून बाराटांगचा बेत ठरला.

पूर्वीचे पोर्ट ब्लेअर, म्हणजे सप्टेंबर २०२४ पासूनचे श्रीविजयपुरम, येथून बाराटांग सुमारे १०० किलोमीटर. आम्ही पहाटे तीनला निघालो. जिरकाटांगच्या नाक्यावर मोटारींची रांग लागते आणि तेथून पुढे सर्वांनी तांड्यानेच जावयाचे, कारण रस्ता जारवा लोकांच्या राखीव अरण्यातून जातो. थांबावयाचे नाही, छायाचित्र घ्यावयाचे नाही, काही द्यावयाचे नाही. १९५६ चा कायदा या लोकांच्या रक्षणार्थच आहे. २०११ च्या जनगणनेत त्यांची संख्या अवघी ३८० भरली.

वाटेत रस्त्याच्या कडेला दोन मुले उभी दिसली. आमच्या आठ वर्षांच्या नातवाने मांडीवरचा शंकरपाळ्यांचा डबा उचलून खिडकीशी नेला. मोटारवाला मागे न पाहताच म्हणाला, “हात आत घ्या.” मी नातवास दटावले. मुलगा रडवेला झाला, आणि त्यात त्याचे काय चुकले? ज्या घरात रोज सकाळी पाखरांस दाणे टाकल्यावाचून दुकान उघडत नाही, त्या घरात तो वाढला आहे. देणे हे पाप कसे, हे त्यास समजावणे मला साधेना. पुढे वाचून कळले की, पूर्वी सरकारी माणसेच त्यांच्यासाठी नारळ-केळी घेऊन जात. १९९७ च्या सुमारास ते लोक आपण होऊन वस्त्यांकडे येऊ लागले आणि १९९९ साली त्यांच्यात गोवराची साथ पसरली. हा रस्ता त्या अरण्यापुरता बंद करावा, असा सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली आदेश दिला होता. त्याच रस्त्याने आम्ही सहलीस चाललो होतो, हेही येथे नमूद केले पाहिजे.

पुढे मिडल स्ट्रेटची खाडी मोठ्या नावेने ओलांडली. मग लहान होडी. ती खारफुटीच्या जाळीत शिरली तेव्हा दोन्ही बाजूंच्या फांद्या डोक्यावर एकमेकींस भिडल्या होत्या आणि पाणी हिरवे दिसत होते. या खाड्यांत मगरी आहेत, म्हणून हात बाहेर काढावयाचा नाही. त्या दिवशी हातांवर सारखीच बंदी! पुढे झाडीतून व शेतांच्या कडेने पायी वाट. सौभाग्यवतीचे गुडघे दुखरे, परंतु त्या माझ्या आधी पोहोचल्या.

गुहा चुनखडकाची आहे. समुद्रातील असंख्य सूक्ष्म जीवांच्या कवचांचा थर साचून असा खडक होतो. पावसाचे पाणी हवेतील व मातीतील कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल बनते, खडकातील चुना विरघळवीत खाली झिरपते आणि गुहेच्या छतास आल्यावर तो वायू सोडून देते. मग चुन्याचा कण तेथेच बसतो. छतावरून लोंबणारे व जमिनीवरून उठणारे लवणस्तंभ असे थेंबाथेंबाने वाढतात. ही वाढ सर्वत्र सारखी नसते. तरी वर्षाला मिलिमीटरचा दहावा हिस्सा धरली तर वीतभर स्तंभास दोन हजार वर्षे लागतात. एवढ्या मुदतीचा व्यवहार आमच्या बाजारात कोणी ऐकला नसेल.

वाटाड्याने विजेरी रोखून दाखविले की, काही स्तंभ शुभ्र आहेत आणि काही काळवंडलेले. माणसाच्या हाताचे तेल लागले की तेथे चुना नीट धरत नाही आणि वाढ खुंटते. सर्वांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

पुढे वळणावर अंधार होता. खांद्याशी एक स्तंभ ओला, दुधासारखा चकाकत होता. माझा हात त्यावर गेला. थंड, गुळगुळीत, ओल्या साबणासारखा स्पर्श. वाटाडा ओरडला, तेव्हा पाय घसरला असे मी सांगितले आणि सर्वांनी ते मानले. पाय घसरला नव्हता. माझ्या मागे नातू होता आणि त्याने पाहिले होते. तो काही बोलला नाही.

चिखलाचा ज्वालामुखी पाहून दुपारी तीनच्या तांड्यात परतलो. रात्रिभोजन वर्ज्य असणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की, तेथे घड्याळ आपलेच असले तरी डिसेंबरात सूर्य पाचच्या सुमारास मावळतो. जिरकाटांगचा नाका सुटला तेव्हा थोडाच उजेड उरला होता. मोटार कडेला घेतली. नातवाने सकाळचा तोच डबा काढला, सर्वांस शंकरपाळे वाटले, आणि माझ्यापाशी आल्यावर डबा खाली ठेवून आधी माझ्या हातावर गाळलेले पाणी ओतले.