समुद्रात रेष कोण मारतं? बांगलादेशने भारतासमोर लढलेली केस

ज्यांना लोकलच्या गर्दीत इअरफोन लावणं जमत नाही, त्यांच्यासाठी आजचा भाग नेहमीप्रमाणे लेखी.

कधी बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्यात गेलात तर धक्क्यावर उभं राहून पाण्याकडे बघा. कुठे रेष दिसते? नाही ना? जमिनीवर कुंपण घालता येतं, पाण्यावर नाही. पण मासे, गॅस, तेल सगळं त्या न दिसणाऱ्या रेषेवरच ठरतं. मग शेजारी आपल्यापेक्षा कितीतरी मोठा असेल, तर लहान देशाने काय करायचं?

बांगलादेशने जे केलं ते ऐका. आणि समोरचा मोठा शेजारी म्हणजे आपणच, हे लक्षात ठेवा.

बंगालच्या उपसागरात भारत आणि बांगलादेशची हद्द 1974 पासून चर्चेत अडकली होती. बैठका व्हायच्या, चहा व्हायचा, रेष काही ठरायची नाही. शेवटी 8 ऑक्टोबर 2009 ला बांगलादेशने भारत आणि म्यानमार दोघांनाही नोटीस दिली: संयुक्त राष्ट्रांच्या 1982 च्या समुद्र कायद्याप्रमाणे लवाद नेमा. भांडण नाही, युद्धनौका नाही, सरळ केस.

मुद्दा काय होता? वाशीहून सीएसएमटीला जाताना तिघांच्या बाकावर मधली जागा मिळाली आहे अशी कल्पना करा. तुम्ही मागे टेकून बसलाय आणि दोन्ही बाजूंचे पुढे वाकून, कोपरं काढून बसलेत. त्यांची कोपरं तुमच्यासमोर जवळजवळ एकमेकांना टेकतात, तुम्हाला मोबाइल उघडायलाही जागा नाही. बांगलादेशचा किनारा असा आत वळलेला आहे. दोन किनाऱ्यांपासून समान अंतरावर रेष मारायची, ही भारताची मागणी. तशी मारली तर बांगलादेशचा समुद्र पुढे जाऊन चिमटला जातो. बांगलादेश म्हणाला, समान अंतर म्हणजे समान न्याय नव्हे.

म्यानमारसोबतचा निकाल हॅम्बुर्गच्या समुद्र न्यायाधिकरणाने 14 मार्च 2012 ला दिला. भारताची केस हेगला चालली. लवादाची मंडळी 2013 मध्ये प्रत्यक्ष किनारा बघायलाही आली होती. 7 जुलै 2014 ला निकाल लागला: वादातल्या 25,602 चौरस किलोमीटरपैकी 19,467 बांगलादेशला. म्हणजे चारातले जवळपास तीन भाग! ज्या न्यू मूर बेटावरून दोन्ही देश वर्षानुवर्षं भांडले, ती जागा मात्र भारताकडे आली. गंमत बघा, ते बेट 2010 पर्यंत पाण्याखालीच गेलं होतं.

या निकालावर अपील नव्हतं आणि भारताने तो मान्य केला. मला यातलं हेच सगळ्यात मोठं वाटतं. केस जिंकणं एक, पण हरलेल्या मोठ्याने ते मानणं वेगळं. 2016 मध्ये फिलिपिन्सच्या बाजूने असाच निकाल लागला तेव्हा चीनने तो कागद धुडकावला. लहान देशाकडे नौदल नसतं, कायद्याचं पुस्तक असतं, आणि ते मोठ्याने उघडलं तरच चालतं.

आता पश्चिमेकडे या, आपल्या बाजूला. गुजरात आणि सिंधच्या मध्ये सर क्रीक नावाची सुमारे 96 किलोमीटरची खाडी आहे. तिचा वाद आपल्या मुंबईतूनच निघाला म्हणा ना! सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता, आणि मुंबई सरकारने 1914 मध्ये कच्छ आणि सिंधच्या हद्दीचा ठराव केला. पाकिस्तान त्यातून रेष पूर्वेच्या काठावर आहे असं काढतो, भारत म्हणतो खाडीच्या मधोमध. 1968 मध्ये कच्छच्या रणाचा वाद लवादाने सोडवला, पण ही खाडी त्यातून सुटली. इथे भारताची भूमिका अशी की दोघांनी बसून सोडवू, तिसरा नको.

या लांबलेल्या भांडणाचा हिशोब पालघरमध्ये येतो. डहाणू, तलासरीकडची आदिवासी पोरं ओखा, पोरबंदरच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. बोट न दिसणाऱ्या रेषेपलीकडे गेली की पाकिस्तानची सागरी यंत्रणा पकडते आणि कराचीच्या मलीर तुरुंगात ठेवते. आपणही त्यांचे मच्छीमार पकडतो. खरं तर समुद्र कायद्याचं कलम 73 सांगतं की आर्थिक क्षेत्रातल्या मासेमारीच्या गुन्ह्याला, देशांमध्ये तसा वेगळा करार नसेल तर, तुरुंगवास देता येत नाही. दोन्ही देशांनी हा कायदा मान्य केलाय. पण आधी रेष कुठे आहे हेच ठरलेलं नाही, मग कोणतं पाणी कोणाचं हे सांगणार कोण?

2008 च्या करारानुसार दरवर्षी 1 जानेवारी आणि 1 जुलैला दोन्ही देश कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. पुढची यादी आली की बातम्यांमध्ये आकडा दिसेल. त्यात ‘मच्छीमार’ हा वेगळा रकाना असतो, तेवढा जरा थांबून वाचा.