अमेरिकी सिनेटमधील रिक्त जागा आणि राज्यपालांचा नियुक्ती-अधिकार : एक विवेचन

प्रस्तावना :
लोकप्रतिनिधीची जागा मृत्यू, राजीनामा वा अन्य कारणाने मुदतीपूर्वी रिक्त झाल्यास ती कोणी भरावी, हा प्रश्न वरवर प्रशासकीय वाटतो. वस्तुतः तो जनतेच्या सार्वभौमत्वाशी निगडित आहे. प्रस्तुत लेखात अमेरिकेच्या संदर्भात त्याचे विवेचन केले आहे. तेथील राज्यपाल भारताप्रमाणे राष्ट्रपतिनियुक्त नसतो. तो जनतेने निवडलेला, पक्षीय राजकारणातील नेता असतो, हे येथे लक्षात घेणे आवश्यक आहे.

घटनात्मक तरतूद :
मूळ घटनेनुसार सिनेटरांची निवड राज्य विधिमंडळे करीत. १९१३ च्या सतराव्या घटनादुरुस्तीने ती थेट जनतेकडे सोपविली. रिक्त जागेसाठी राज्यपालाने निवडणुकीचा आदेश काढावा. मात्र निवडणूक होईपर्यंत तात्पुरत्या नियुक्तीचा अधिकार विधिमंडळ त्यास देऊ शकते, अशी ही तरतूद आहे. बहुसंख्य राज्यांनी तो दिलेला आहे. प्रतिनिधिगृहाची जागा मात्र केवळ निवडणुकीनेच भरली जाते.

वादाचे स्वरूप :
नियुक्तीच्या समर्थकांच्या मते, निवडणुकीस काही महिने लागतात; त्या काळात राज्य आपल्या एका मतास मुकू नये. विरोधकांच्या मते, एका व्यक्तीने निवडलेला सिनेटर हा घटनादुरुस्तीच्या मूळ हेतूशी विसंगत ठरतो. इलिनॉयचे राज्यपाल रॉड ब्लागोयेविच यांना डिसेंबर २००८ मध्ये, बराक ओबामा यांच्या रिक्त जागेच्या मोबदल्यात वैयक्तिक लाभ मागितल्याच्या आरोपावरून अटक झाली. तरीही त्याच महिन्यात त्यांनी त्या जागेवर रोलंड बरिस यांची नियुक्ती केली. जानेवारी २००९ मध्ये ब्लागोयेविच पदच्युत झाले व २०११ मध्ये भ्रष्टाचाराच्या आरोपांत दोषी ठरले; २०२५ मध्ये त्यांना राष्ट्राध्यक्षांची क्षमा मिळाली. सर्व रिक्त जागा निवडणुकीनेच भराव्यात, अशी घटनादुरुस्ती सिनेटर रसेल फाइनगोल्ड यांनी २००९ मध्ये सुचविली. ती संमत झाली नाही.

मॅसॅच्युसेट्सचा अनुभव अधिक बोधप्रद आहे. २००४ मध्ये जॉन केरी अध्यक्षपदाचे उमेदवार असताना, रिपब्लिकन राज्यपाल मिट रॉम्नी यांना नियुक्तीची संधी मिळू नये म्हणून डेमॉक्रॅटिक विधिमंडळाने हा अधिकार काढून घेतला. २००९ मध्ये राज्यपाल डेमॉक्रॅटिक पक्षाचा होता. ऑगस्टमध्ये एडवर्ड केनेडी यांचे निधन झाल्यावर त्याच विधिमंडळाने तो अधिकार पुन्हा बहाल केला. त्यानुसार नियुक्त झालेले पॉल कर्क हे डिसेंबरमध्ये आरोग्यविमा विधेयकास ६० विरुद्ध ३९ मतांनी मंजुरी देणाऱ्यांपैकी एक होते. चर्चा संपविण्यासाठी ६० मतांची आवश्यकता असल्याने त्यांचे मत निर्णायक ठरले. जानेवारी २०१० च्या निवडणुकीत मात्र जनतेने रिपब्लिकन स्कॉट ब्राउन यांना निवडून दिले.

समारोप :
वरील विवेचनावरून असे दिसून येते की, दोष केवळ नियुक्तीच्या पद्धतीत नसून सोयीनुसार नियम बदलण्याच्या प्रवृत्तीतही आहे. ॲरिझोना, हवाई व वायोमिंग या राज्यांनी मूळ सदस्याच्याच पक्षातील व्यक्ती नेमण्याचे बंधन घातले आहे. त्यामुळे मतदारांचा पक्षीय कौल टिकतो. परंतु व्यक्तीची निवड जनतेच्या हाती येत नाही. भारतात राज्यसभेची निर्वाचित जागा रिक्त झाल्यास राज्य विधानसभेचे निर्वाचित सदस्य पोटनिवडणुकीने ती भरतात. राज्यपालास तेथे नियुक्तीचा अधिकार नाही. नियुक्ती अल्पकालीन असावी, निवडणुकीची मुदत निश्चित असावी आणि नियम जागा रिक्त होण्यापूर्वीच ठरलेला असावा. या तीन अटी पाळल्या गेल्या, तरच तात्पुरती सोय जनमताचा पर्याय बनणार नाही.