खिळाछापांत मोडी कां टिकली नाहीं?

बंगालमधील श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यांतून विल्यम केरी यांनीं १८०५ सालीं मराठीचें व्याकरण प्रसिद्ध केलें. त्यांतील मराठी शब्द बालबोध खिळ्यांचे आहेत. १८१० सालच्या त्यांच्या कोशांत मात्र मोडी खिळे आले. दप्तरें, हिशेब, पत्रें सर्व मोडींत. तेव्हां लोकांस छापही मोडीच रुचेल, हा तर्क वरवर पाहतां सरळ आहे. आमच्या मतें तो येथेंच फसला.

मोडींत जो श्रम वांचतो, तो लिहिणाराचा. शिरोरेघ आधींच पानभर ओढून ठेवावी व मग बोरू शक्य तों न उचलतां चालवावा. इकार-उकारांत ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाहीं. शब्द तोडण्याची चाल नाहीं. कारकुनास हें अडत नसे. मायना ठरलेला, मजकूर ओळखीचा. अर्धें पत्र तो अंदाजानेंच वाची. कोशांत हा आधार कोठून यावा? तेथें एकेक शब्द सुटा उभा, आणि त्याचें शुद्ध रूप पाहण्यासाठींच वाचक आलेला. शिवाय खिळा एकदां ओतला कीं बोरूची धांव संपली. मोडीचा एकुलता लाभ गेला, अडचण तेवढी उरली. १८३१ सालीं मुंबईंत छापलेला मोल्सवर्थचा कोश बालबोधांतच आहे.

लिहावें मोडींत व पोथी वाचावी बालबोधांत, ही विभागणी आपल्याकडे छापखान्याच्या पूर्वींचीच. ‘बालबोध’ हें नांवच वाचकाची बाजू घेतें! शिळाछापाच्या पोथ्यांनीं ती बाजू पुरती सांभाळली. गणपत कृष्णाजी यांनीं १८३१ सालीं शिळाछापावर पंचांग काढलें, त्या सुमारापासून ही कला मुंबईंत फोफावली. लेखकाचें हस्ताक्षरच दगडावर उतरत असल्यानें पोथीचें वळण मोडलें नाहीं: आडवीं सुटीं पानें, ठळक अक्षर, दोहों बाजूंस मोकळा समास. जमिनीवर बसून दिव्याच्या उजेडांत मोठ्यानें वाचणारास, वाचलेलें पान उचलून पालथें ठेवण्यास, याहून सोयीची रचना नाहीं.

आमचे कांहीं संग्राहक बंधु मात्र ‘छापील’ म्हणून या पोथ्या रद्दींत टाकतात, किंवा समास कापून त्यांची जिल्द बांधतात. समासांतच पुष्कळदां वाचकाच्या खुणा व मोडींतील टांचणें असतात. तेलाचे डाग कोणत्या अध्यायावर दाट आहेत हेंही पाहण्याजोगें असतें. पानें सुटींच ठेवून, दोन फळ्यांमध्यें घालून फडक्यांत बांधावीं.