मोरबे धरण : ऊन फुकट, पैसा महाग

जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर पनवेल सोडले की चौक गावाच्या आसपास डोंगर जवळ येऊ लागतात. पाठीशी माथेरानची रांग आणि बाजूला इर्शाळगडाचा सुळका, अशा जागी धावरी नदी अडवून मोरबे धरण बांधले आहे. पूर्ण भरले की पाण्याची पातळी ८८ मीटरवर जाते आणि साठा १९०.८९ दशलक्ष घनमीटर होतो. पावसाळ्यात पातळी या आकड्याकडे सरकू लागली की वाशी-नेरूळच्या गृहसंकुलांना हायसे वाटते. शहर बहुतांशी ठाणे जिल्ह्यात, धरण रायगडच्या खालापूर तालुक्यात. तरी धरणाची मालकी नवी मुंबई महानगरपालिकेची आहे. १ जानेवारी १९९२ रोजी कारभार सुरू केलेल्या या पालिकेने पुढच्या दशकात महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडून हे अपुरे धरण विकत घेतले आणि पुरे केले. तोवर शहराची मोठी भिस्त एमआयडीसीच्या पाण्यावर होती. ऐरोली-घणसोलीच्या बाजूला आजही ते पाणी येते. दुसऱ्याकडून मापाने पाणी विकत घेत राहायचे, की एकदाच मोठी रक्कम घालून साठाच आपला करायचा, हा प्रश्न तेव्हा होता. शहराने दुसरा मार्ग धरला. राज्यात स्वतःच्या मालकीचे धरण असणाऱ्या पालिका मोजक्याच आहेत, त्यांत ही एक आली.

तोच प्रश्न आता विजेच्या रूपाने याच धरणावर आला आहे. जलाशयावर तरंगती सोलर पॅनेल टाकून सुमारे १०० मेगावॉट आणि जोडीला दीड मेगावॉटचा जलविद्युत संच, असा प्रस्ताव पालिकेत मांडला गेला. त्याआधीही धरण परिसरात सौर प्रकल्पाची कल्पना निघाली होती. अशा कामांसाठी पालिकांच्या टेबलावर बहुधा ‘बूट’ पद्धत येते, म्हणजे खासगी विकसकाने आपल्या पैशाने प्रकल्प बांधायचा, मालक म्हणून काही वर्षे चालवायचा, वीज विकायची आणि मुदत संपली की पालिकेच्या हवाली करायचा. मोरब्याबाबतही तिचाच विचार झाला. पालिकेचा एक पैसा लागत नाही, म्हणून सभागृहाला ही पद्धत आवडते. पण सौरऊर्जेच्या बाबतीत ‘आपला पैसा लागत नाही’ हेच वाक्य सगळ्यात महाग पडते.

कारण सौर प्रकल्पाचा हिशेब औष्णिक केंद्रापेक्षा मुळातच वेगळा आहे. कोळशाच्या केंद्रात खर्च रोज होतो, कारण इंधन रोज जाळावे लागते. सौर प्रकल्पात जवळजवळ सगळा खर्च पहिल्याच दिवशी होतो आणि पुढची वीस-पंचवीस वर्षे ग्राहक वस्तुतः त्या रकमेचे हप्ते फेडत असतो. म्हणजे विजेच्या दरात उन्हाचा वाटा शून्य, व्याजाचा वाटा प्रचंड. एनटीपीसीने तेलंगणातल्या रामगुंडम जलाशयावर उभारलेला १०० मेगावॉटचा तरंगता प्रकल्प १ जुलै २०२२ पासून पूर्ण क्षमतेने सुरू आहे. जलाशयाचे सुमारे ५०० एकर त्याने व्यापले आहेत आणि खर्च आला ४२३ कोटी. मेगावॉटला सव्वाचार कोटी धरू. एका मेगावॉटमागे वर्षाला १७ लाख युनिट मिळतील असे मानले आणि रक्कम वीस वर्षांत समान हप्त्यांनी फेडायची ठरवली, तर ८ टक्के व्याजाने युनिटमागे भांडवलाचा बोजा साधारण अडीच रुपये पडतो. तेच पॅनेल, तेच पाणी, तेच ऊन ठेवून व्याज ११ टक्के केले, की बोजा ३ रुपये १४ पैशांवर जातो. तीन टक्क्यांच्या फरकाने युनिटमागे साठेक पैसे, म्हणजे १०० मेगावॉटवर वर्षाला दहा कोटींच्या घरात. देखभाल आणि विम्याचा खर्च यात धरलेला नाही. तो दोन्हीकडे सारखाच.

विकसनशील देशांत सौरऊर्जा मागे का पडते, याचे उत्तरही बरेचसे याच गणितात आहे. आफ्रिकेत ऊन कमी नाही. तिथे भांडवलाचा दर श्रीमंत देशांच्या दुपटीच्या आसपास आणि अनेकदा त्याहून वर असतो. शिवाय परकी कर्ज घ्यावे तर चलनाची टांगती तलवार. महाराष्ट्राला हा अनुभव आहे. धुळे जिल्ह्यात साक्रीजवळ महानिर्मितीने २०१३ मध्ये सुरू केलेल्या १२५ मेगावॉटच्या प्रकल्पाला जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेने २५ कोटी युरोंचे कर्ज दिले. व्याज सौम्य असले, तरी कमाई रुपयात आणि फेड युरोत असली की रुपयाच्या घसरणीचा भार कुणाच्या तरी पाठीवर पडतोच.

व्याज ठरते ते सावकाराला वाटणाऱ्या धोक्यावरून, आणि सौर प्रकल्पात सगळ्यात मोठा धोका उन्हाचा नसून बिल थकण्याचा असतो. मध्य प्रदेशातल्या रीवाच्या ७५० मेगावॉट प्रकल्पाने हे लख्ख दाखवून दिले. फेब्रुवारी २०१७ च्या लिलावात तिथे पहिल्या वर्षासाठी २ रुपये ९७ पैसे दर निघाला. जेमतेम वर्षभरापूर्वी राजस्थानातल्या ४ रुपये ३४ पैशांचे विक्रम म्हणून कौतुक झाले होते. या काळात पॅनेल स्वस्त झाली हे खरेच. पण रीवात आणखी एक गोष्ट केली होती. बिल थकल्यास आधी राखीव निधी आणि त्याच्यापुढे राज्य सरकारची हमी, अशी थरांची सुरक्षा बांधली होती, आणि ग्राहकांत दिल्ली मेट्रोसारखी वेळेवर पैसे देणारी संस्था होती. बोली लावणाऱ्यांनी दर खाली आणले ते या भरवशावर.

आता हीच मोजपट्टी नवी मुंबईला लावू. या पालिकेचे पतमानांकन अनेक वर्षे ‘डबल ए प्लस’ राहिले आहे. देशातल्या फार थोड्या शहरांना ते मिळते. पाणी शुद्ध करणारी केंद्रे, पंप, मलनिःसारण केंद्रे, रस्त्यांवरचे दिवे, रुग्णालये, शाळा यांची वीजबिले ती बिनबोभाट भरते. म्हणजे जलाशय तिचा, ग्राहक ती आणि पतही तिची. या तिन्ही गोष्टी हाती असताना, जास्त व्याजाने पैसा उभारणाऱ्या आणि वर भागधारकांना परतावा देणे भाग असलेल्या कंपनीला मध्ये बसवायचे, तर त्या कंपनीने नेमके काय आणले हे विचारायला हवे. पुणे महापालिकेने जून २०१७ मध्ये पाणीपुरवठ्यासाठी २०० कोटींचे रोखे ७.५९ टक्क्यांनी विकले. इंदूरचे उदाहरण तर मोरब्याला हुबेहूब लागू पडते. नर्मदेचे पाणी उचलून शहरात आणायच्या वीजबिलाने जेरीस आलेल्या त्या महापालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये जलूद येथील ६० मेगावॉटच्या सौर प्रकल्पासाठी थेट जनतेला हरित रोखे देऊ केले. व्याज सव्वाआठ टक्के, उभारणी २४४ कोटींची, आणि मागणी विक्रीपेक्षा कितीतरी जास्त. ज्यांच्या नळाला ते पाणी येते, त्यांतल्या कुणालाही ते रोखे घेता येत होते.

नवी मुंबईनेही असेच रोखे काढून प्रकल्प स्वतःच उभारावा. यावर पहिला आक्षेप असा, की पालिकेने वीजकेंद्र चालवणे म्हणजे नसता उद्योग. निम्मा आक्षेप रास्त आहे. पण कर्ज घेणे आणि यंत्र चालवणे ही एकच गोष्ट नव्हे. रामगुंडमचा प्रकल्प एनटीपीसीच्या मालकीचा, बांधला मात्र भेलने, ठेका घेऊन. बांधणीचा आणि देखभालीचा ठेका निविदेने देता येतो, ठरलेली वीज निघाली नाही तर दंड लावता येतो, आणि मालकी घरात राहते. मालकीचा प्रश्न नुसत्या भावनेचाही नाही. वीज नियम २००५ नुसार वीज वापरणाऱ्याचे प्रकल्पात किमान २६ टक्के भागभांडवल असेल आणि निर्माण झालेली निदान ५१ टक्के वीज स्वतः वापरली, तरच प्रकल्प ‘स्वयंवापराचा’ ठरतो आणि २००३ च्या वीज कायद्याप्रमाणे क्रॉस सबसिडी अधिभार, म्हणजे इतरांच्या स्वस्त विजेसाठी घेतला जाणारा आकार, टळतो. सगळी मालकी विकसकाकडे गेली की ही सवलतही गेली. सगळे कर्ज अंगावर घ्यायचे नसेल, तर पालिकेने २६ टक्क्यांची भागीदार व्हावे. तेही ‘बूट’पेक्षा बरे.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. मोरबे हा पिण्याच्या पाण्याचा साठा आहे. उन्हाळ्यात पातळी खूप खाली जाते, पावसाळ्यात वारा आणि लाटा नांगरांवर ताण आणतात, आणि पाणी झाकल्याने बाष्पीभवन कमी झाले तरी पाण्यात उतरणारा उजेड अडतो. म्हणून पाण्याचा किती भाग झाकायचा, हे जलतज्ज्ञांनी ठरवावे, बँकेच्या कोष्टकाने नव्हे. महावितरणचीही बाजू आहे. चढ्या दराने वीज घेणारा ग्राहक गेला की शेतीपंपांच्या स्वस्त विजेचा भार उरलेल्यांवर पडतो. ही तक्रार खोटी नाही. पण छतावर पॅनेल बसवणाऱ्या कारखान्यांना ती अडवत नाही, मग पालिकेलाच का अडवावे? आणि मोरबे धरणग्रस्तांचे प्रश्न तर जुनेच आहेत. पुनर्वसनाची देणी बाकी असताना त्याच पाण्यावर दुसरे उत्पन्न उभे करायचे, तर त्या गावांचा हिस्सा रोख्यांच्या अटींतच लिहिलेला असावा. एस्क्रो खात्यातून, म्हणजे परतफेडीसाठी वेगळ्या राखलेल्या खात्यातून, आधी रोखेधारकांचे व्याज जाते, तसा त्या हिश्श्याचाही क्रम ठरवता येईल.

१०० मेगावॉट हा आकडा मात्र मला संशयास्पद वाटतो. वर्षाला १७ कोटी युनिट निर्माण झाली, तर त्यातली किमान ८ कोटी ६७ लाख पालिकेने स्वतः वापरायला हवीत, नाहीतर स्वयंवापराचा दावा पहिल्याच वर्षी कोसळतो. गोल आकडे निविदेत शोभून दिसतात. रोखे घेणारा मात्र मीटर बघतो. पालिकेने आपल्या प्रत्येक पंपघराचा, शुद्धीकरण केंद्राचा आणि दिव्यांच्या जोडणीचा बारा महिन्यांचा वापर, महिनावार आणि शक्यतो तासावार, जाहीर करावा. त्यावरून ३० मेगावॉट निघतील, ५० निघतील, कदाचित १०० सुद्धा. पतमानांकन संस्था पहिल्या बैठकीत हाच कागद मागतील. तो निविदेच्या आधी तयार असलेला बरा.