तिरळेपणाच्या परीक्षा
तिरळेपणाच्या परीक्षा : पाहताना दोन्ही डोळ्यांचे दृष्टि-अक्ष एकाच लक्ष्यावर न मिळता एक डोळा ढळलेला राहण्याच्या विकृतीस तिरळेपणा म्हणतात. डोळा नाकाकडे वळल्यास अंतर्मुख, कानाकडे वळल्यास बहिर्मुख आणि वर वा खाली वळल्यास ऊर्ध्वाधर असे त्याचे प्रकार होतात. तिरळेपणा भाग्याचे लक्षण होय किंवा तो वयाबरोबर आपोआप जातो, अशा समजुतींमुळे उपचार लांबतात. दरम्यान बालकाचा मेंदू ढळलेल्या डोळ्याकडील प्रतिमा दडपतो व त्या डोळ्यास मंददृष्टी येते. सात-आठ वर्षांच्या वयानंतर ती सुधारणे अवघड होत जाते. म्हणून निदान लवकर होणे महत्त्वाचे असते.

प्रकाश-परावर्तन परीक्षा : ही जर्मन नेत्रवैद्य यूलिउस हिर्शबर्ग (१८४३–१९२५) यांच्या नावाने ओळखली जाते. सु. ३३ सेंमी. अंतरावरून विजेरीचा प्रकाश टाकून स्वच्छमंडलावरील प्रकाशबिंदूंची तुलना करतात. सरळ डोळ्यात बिंदू बाहुलीच्या मध्याजवळ दिसतो. ढळलेल्या डोळ्यात तो बाहुलीच्या कडेवर असल्यास विचलन सु. १५° व कनीनिकेच्या बाह्य कडेवर असल्यास सु. ४५° समजतात. नाकाचे मूळ रुंद असलेली बालके तिरळी भासतात. मात्र त्यांच्यातील बिंदू सममित असतात. हा आभासी तिरळेपणा होय.

आच्छादन परीक्षा : बालकाची नजर एखाद्या वस्तूवर खिळवून एक डोळा झाकतात व उघड्या डोळ्याचे निरीक्षण करतात. तो बाहेरच्या दिशेने हलून लक्ष्यावर आल्यास अंतर्मुख आणि आत हलल्यास बहिर्मुख तिरळेपणा असतो. उघडा डोळा स्थिर राहून झाकलेला डोळा आच्छादन काढल्यावर हलल्यास तिरळेपणा सुप्त असतो. दोन्ही डोळे आलटूनपालटून झाकताना ही हालचाल थांबविण्यास जेवढ्या शक्तीचा लोलक लागतो, तेवढे विचलन मानतात.

इतर परीक्षा : स्नायूच्या अंगघातामुळे आलेल्या तिरळेपणात विचलन नजरेच्या दिशेनुसार बदलते. विकृत डोळ्याने लक्ष्य पाहिल्यास निरोगी डोळा अधिक ढळतो. प्रौढास अकस्मात तिरळेपणा व द्विधादृष्टी आल्यास मधुमेह, रक्तदाब व मेंदूचे विकार यांचा शोध घेतात. वर्थ यांच्या चार दिव्यांच्या परीक्षेत एका डोळ्यापुढे लाल व दुसऱ्यापुढे हिरवी काच असते. चार दिवे दिसल्यास दोन्ही डोळे एकत्र कार्य करतात. दोन वा तीन दिसल्यास एका डोळ्याची प्रतिमा दडपली जाते व पाच दिसल्यास द्विधादृष्टी असते. बालकांत औषधाने बाहुली विस्फारून चष्म्याचा क्रमांक व दृष्टिपटल तपासणे आवश्यक असते. दूरदृष्टितेमुळे आलेला अंतर्मुख तिरळेपणा पुष्कळदा केवळ चष्म्याने सुधारतो. उलट, बाहुलीत पांढरी झाक दिसल्यास दृष्टिपटलाच्या कर्करोगाची शंका घ्यावी लागते.

खानदेशात जळगाव व धुळे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत नेत्ररोग विभाग आहेत. परंतु यावल, चोपडा, शिरपूर इ. तालुक्यांतील सातपुड्याच्या पायथ्याची गावे तेथून दूर पडतात. पहिल्या दोन परीक्षांना विजेरी व तळहात पुरतो. त्यामुळे २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील अंगणवाडी व शाळा तपासणीत त्या करता येतात. संशयित बालकास तेथूनच नेत्रतज्ञाकडे पाठविल्यास एका डोळ्याची दृष्टी वाचू शकते.